सांगलीतला जोडप्यांचा बायबल वर्ग: जावं का, आणि काय घेऊन जावं

सांगलीत मिरज रस्त्याच्या बाजूला एका ख्रिस्ती मंडळीच्या (चर्चच्या) सभागृहात पावसाळ्यात दर शनिवारी संध्याकाळी नवरा-बायकोंसाठी पवित्र शास्त्राचा वर्ग चालतो. लग्न झालेल्या बाईनं आणि पुरुषानं एकमेकांशी कसं राहावं, याबद्दल बायबल काय सांगतं, एवढाच विषय. आम्ही दोघांनी यंदा तो पूर्ण केला. तेव्हापासून ओळखीच्या बायका सारख्या विचारतात, ‘जावं का गं?’ म्हणून नीट बसून लिहिते. जावं, नक्की जावं. फक्त तिथे मिळणारी पुस्तिका बाजूला ठेवावी आणि आपलं पवित्र शास्त्र व एक वही घेऊन बसावं.

आम्ही तासगाव तालुक्यातले. द्राक्षबाग आहे, बेदाण्याची शेड आहे. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई मिरजेच्या मिशन दवाखान्यात नर्स होत्या, त्यामुळे बाईनं कमावणं आमच्या घराला नवं नाही. तरीही ‘चांगली बायको’ म्हटलं की आमच्याकडेही तीच यादी निघते: लवकर उठणारी, उलटून न बोलणारी, पाहुण्यांचं करणारी. लहानपणापासून लग्नाच्या उपासनेत मी हीच यादी शास्त्राच्या नावावर ऐकत आले. शास्त्रात खरंच एवढंच आहे का, हे मला वर्गात बसून बघायचं होतं.

सोयींचं थोडक्यात सांगते. फी नाही, पुस्तिकेचे शंभर रुपये घेतात. वेळ सहा ते आठ, आणि आठ म्हणजे आठला सोडतात. मुलांना शेजारच्या खोलीत दोन तरुणी सांभाळतात, गोष्टी सांगतात, चित्रं काढून घेतात. लहान मुलं असलेल्या जोडप्यांना याचा फार आधार होतो. चहा मिळतो. पंखे कमी आहेत आणि मागच्या रांगेत आवाज पोचत नाही, तेव्हा पुढे बसा. लांबून दुचाकीवर येणाऱ्यांना परतताना अंधार आणि पाऊस दोन्ही असतं. वर्ग पाचला सुरू केला तर बरं होईल.

शिकवतात ते निवृत्त पाळकसाहेब, म्हणजे धर्मगुरू, आणि त्यांच्या पत्नी पाळकीणबाई, दोघं मिळून. या वर्गाचं खरं बळ मला इथेच दिसलं. एका संध्याकाळी पाळकसाहेब फळ्यावर लिहीत असताना बाई उठल्या आणि म्हणाल्या, ‘अहो, एकविसावं वचन राहिलं. तिथून सुरू करा, नाहीतर सगळंच बिघडतं.’ त्यांनी लिहिलेलं पुसलं, खडू बाईंच्या हातात दिला आणि स्वतः खाली बसले. त्यांच्या चेहऱ्यावर नाराजी नव्हती, आपण फार मोठं काही केलं असा भावही नव्हता. समोरच्या पुरुषांनी ते पाहिलं. पुस्तिकेतल्या दहा पानांपेक्षा त्यातून जास्त कळलं.

ते वचन बायबलमधल्या इफिसकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायातलं. ‘स्त्रियांनो, पतीच्या अधीन असा’ हे 22 वं वचन आपल्याकडे लग्नात हमखास वाचतात. त्याच्या आधीचं 21 वं सांगतं की ख्रिस्ताचं भय धरून एकमेकांच्या अधीन व्हा. एकमेकांच्या, म्हणजे दोघांनी. बाईंनी मग आणखी एक गोष्ट करून घेतली. 22 ते 24 ही तीन वचनं बायकांनी मोठ्यानं वाचायची आणि 25 ते 33 ही नऊ पुरुषांनी. बायकांचं लगेच संपलं. पुरुष वाचतच राहिले. ख्रिस्तानं मंडळीवर प्रीती केली आणि स्वतःला तिच्यासाठी दिलं, तशी बायकोवर प्रीती करा. जशी आपल्या शरीरावर करता, तशी करा. कोणी आपल्या देहाचा द्वेष करत नाही, त्याचं पालनपोषण करतो. शेवटच्या वचनात बायकोनं पतीची भीड राखावी असंही आहे, ते काही सोडून दिलं नाही. पण कुणाकडून किती मागितलं आहे ते सगळ्यांच्या कानांनी ऐकलं. वर्षानुवर्षं बायकांच्या पुढ्यात तीन वचनं ठेवली जातात आणि पुरुषांची नऊ पाठ करून घ्यायला कुणी बसत नाही, याचा मला राग आहे. तो राग इथे कुणीतरी शास्त्रातूनच मांडला, म्हणून माझा या वर्गावर विश्वास बसला.

पहिल्या संध्याकाळी उत्पत्तीचा, म्हणजे बायबलच्या पहिल्या पुस्तकाचा, दुसरा अध्याय होता. पाळकसाहेबांनी विचारलं, ‘लग्न झाल्यावर आईबापांचं घर कुणी सोडलं? हात वर करा.’ सगळ्या बायकांचे हात वर गेले. मग त्यांनी 24 वं वचन वाचलं: पुरुष आपल्या आईबापांना सोडून आपल्या स्त्रीशी जडून राहील आणि ती दोघं एकदेह होतील. सोडायला पुरुषाला सांगितलंय. कवठेमहांकाळकडचे एक गृहस्थ जरा तापून म्हणाले, ‘मग काय, म्हाताऱ्यांना वाऱ्यावर सोडायचं?’ पाळकीणबाई शांतपणे म्हणाल्या, ‘दहा आज्ञांमध्ये आईबापांचा मान राख असं आहे, ते कुणी काढून टाकलेलं नाही. एका घरात राहा, त्यांचं सगळं करा. पण घरातली मोठी गोष्ट ठरवताना पहिला शब्द कुणाशी बोलायचा, ते हे वचन सांगतं.’

आमच्या घरी ते नेमकं लागू पडलं. बेदाणा तयार झाला की सौद्यात, म्हणजे लिलावात, काढायचा की भाव वाढेपर्यंत कोल्ड स्टोरेजला ठेवायचा, हा आमच्या वर्षाचा सर्वांत मोठा निर्णय. चार किलो द्राक्षं वाळतात तेव्हा कुठे एक किलो बेदाणा हाती येतो, आणि त्या एका किलोत माझीही मेहनत असते. द्राक्षं द्रावणात बुडवून (डिपिंग करून) माल रॅकवर पसरायचा, हवा बिघडली की ताडपत्र्या ओढायच्या, वाळला की झाडून प्रतवारी करायची. शेडवरच्या बायका मी सांभाळते, त्यांची हजेरी माझ्याकडे असते. पण माल कधी काढायचा, ते आमचे हे आधी आत्यांशी बोलायचे, मग भाऊजींशी. मला कळायचं ते दारात गाडी लागल्यावर. त्या रात्री परतताना यांनी गाडी कडेला घेतली आणि म्हणाले, ‘पुढच्या मालाचं आपण दोघं आधी बोलू.’ आणि बोललोसुद्धा. आत्यांनाही त्यात वावगं वाटलं नाही. त्या म्हणाल्या, ‘मला तरी कुठं एवढं कळतंय भावातलं.’

आता ज्यासाठी बहुतेक बायका जातात त्या अध्यायाबद्दल. नीतिसूत्रे या पुस्तकाचा 31 वा अध्याय, दहाव्या वचनापासून शेवटपर्यंत. मूळ इब्रीत ही 22 वचनं वर्णमालेच्या 22 अक्षरांच्या क्रमानं रचलेली आहेत. वर्गात हा अध्याय दोन वेळा घेतला. शिकवताना तो सुरेख घेतला आणि पुस्तिकेत मात्र त्याची माती केली.

पुस्तिकेत या वचनांचा तक्ता केलाय. सकाळी लवकर उठते, होय की नाही. घरच्यांना वेळेवर अन्न देते, होय की नाही. बायकोनं खुणा करायच्या आणि नवऱ्यानं तपासायच्या. पहिल्यांदा आई झालेली एक मुलगी माझ्या शेजारी बसली होती. रात्रभर बाळ घेऊन जागलेली. तिनं त्या तक्त्यावर ‘नाही, नाही’ अशा खुणा केल्या आणि पान उलटं ठेवून दिलं. शास्त्र असं वापरायचं नसतं. या अध्यायाची सुरुवातच सांगते की ही लमुवेल राजाला त्याच्या आईनं दिलेली शिकवण आहे. आधी ती मुलाला सांगते की द्राक्षारसाच्या नादी लागू नकोस, मुक्यांसाठी तोंड उघड, गोरगरिबांचा न्याय कर. मग हे सद्गुणी स्त्रीचं वर्णन येतं. सुनेच्या हातात यादी द्यायला हा अध्याय लिहिलेला नाही, मुलाच्या कानावर घालायला आहे. बायकोत बघायचं काय आणि तिचं कौतुक करायचं कशासाठी, ते त्याला कळावं म्हणून.

पाळकीणबाईंनी तक्ता मिटवून ठेवायला सांगितला आणि वचनं एकेक करून वाचली. ती लोकर आणि जवस मिळवून हातांनी काम करते. व्यापारी गलबतासारखी लांबून अन्न आणते. तागाची वस्त्रं करून विकते, व्यापाऱ्याला कमरबंद पुरवते. आपला माल चांगला आहे हे तिला कळतं. आणि 16 वं वचन: शेताचा विचार करून ती ते विकत घेते, आपल्या हातच्या कमाईनं द्राक्षमळा लावते.

हे वचन ऐकलं आणि मला आमच्या बागेचं पहिलं वर्ष आठवलं. द्राक्षबाग लावणं म्हणजे काय, हे आमच्या भागात कुणाला सांगायला नको. डॉगरीज या खुंटाची रोपं लावायची, त्यांवर कलम करायचं, अँगल, तारा, ठिबक. घातलेला पैसा लगेच परत येत नाही, पहिलं पीक हाती यायलाच थांबावं लागतं आणि तोवर खर्च चालूच. एक अवकाळी पाऊस फुलोऱ्यात आला की घड कुजतात, डाऊनी रोग येतो. असा मळा आपल्या कमाईतून लावणारी बाई म्हणजे हिशेब कळणारी, जोखीम घेणारी, वर्षावर्षांचा विचार करणारी बाई. शेत बघते, मनात तोलते आणि घेते. कुणाला विचारून घेते, असं तिथे लिहिलेलं नाही. कारण आधीच, 11 व्या वचनात सांगून टाकलंय की तिच्या पतीचं मन तिच्यावर भरवसा ठेवतं. सगळ्या वर्णनाच्या आधी भरवसा येतो, मग लोकर, शेत, दिवा, पहाटेचं उठणं. आमच्याकडे उलटं चालतं. आधी बाईनं सगळं करून दाखवायचं, मग जमलं तर भरवसा.

अध्याय संपतो तो तिच्या हातच्या कामाचं फळ तिला द्या, या वचनावर. मी वर्गात विचारलं, ‘म्हणजे सातबाऱ्यावर नाव?’ बरेच जण माझ्याकडे बघायला लागले. पाळकसाहेबांनी मात्र प्रश्न टाळला नाही. म्हणाले, ‘फळ म्हणजे फक्त आरती ओवाळणं नव्हे. नाव लावा.’ त्यांनी शासनाच्या लक्ष्मी मुक्ती योजनेबद्दल सांगितलं. नवऱ्याच्या अर्जावरून बायकोचं नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लागतं, तलाठ्याकडे चौकशी करा म्हणाले. बायबलच्या वर्गात तलाठ्याचं नाव निघालं, हे मला फार भावलं. शास्त्राचं वचन शेतापर्यंत पोचायचं तर ते कागदावर यायलाच हवं.

पण माझी सर्वांत आवडती संध्याकाळ अबीगईलची. शमुवेलाचं पहिलं पुस्तक, 25 वा अध्याय. नाबाल मोठा श्रीमंत, तीन हजार मेंढ्या, एक हजार शेळ्या, पण स्वभावानं कठोर. मेंढ्यांच्या लोकरकातरणीच्या वेळी पुढे राजा झालेल्या दावीदाची माणसं अन्न मागायला आली. त्यांनी रानात त्याच्या मेंढपाळांना सांभाळलं होतं. नाबालानं त्यांचा अपमान करून त्यांना हाकललं. दावीद चारशे माणसं घेऊन घर बुडवायला निघाला. चाकरानं नाबालाच्या बायकोला, अबीगईलला, सांगितलं आणि तिनं वेळ घालवला नाही. दोनशे भाकरी, द्राक्षारसाचे दोन बुधले, पाच मेंढरं, पाच मापं हुरडा, बेदाण्याचे शंभर घड, अंजिरांच्या दोनशे ढेपा असं सगळं गाढवांवर लादलं आणि नवऱ्याला न सांगता निघाली.

बेदाण्याचे शंभर घड काही एका तासात होत नाहीत. ते कोठारात होते आणि कोठारात काय किती आहे ते तिला ठाऊक होतं. चाकर मालकाकडे न जाता तिच्याकडे आला, कारण घरात शहाणपण कुणाजवळ आहे ते चाकरांनाही ठाऊक होतं. वर्गात यावर बराच वाद झाला. नवऱ्याच्या माघारी जाणं हे बायकोचं चुकलं की नाही? एक तरुण म्हणाला, आधी त्याला विचारायला हवं होतं. पाळकीणबाईंनी त्याला पुढचं वाचायला लावलं. दावीद म्हणतो, तुझं शहाणपण धन्य, तू मला रक्तपातापासून आवरलंस. ती घरी परतली तेव्हा नाबाल मेजवानी करून झिंगलेला होता, म्हणून सकाळपर्यंत ती काही बोलली नाही. नशा उतरल्यावर तिनं सगळं सांगितलं. लपवलं काहीच नाही. सांगायची वेळ मात्र ओळखली. चांगल्या जोडीदाराचं काम नवऱ्याचं मन राखण्यापुरतं नाही, त्याच्या चुकीपासून घर वाचवणंही त्यातच येतं, हे शास्त्र इतकं उघड सांगतं आणि तरी हा अध्याय लग्नात कुणी वाचत नाही.

करिंथकरांस पहिल्या पत्राचा सातवा अध्याय बायका-पुरुषांना वेगवेगळं बसवून घेतला. ते बरोबरच केलं. तिथे पत्र लिहिणारा प्रेषित पौल शरीराच्या बाबतीत दोघांचा हक्क सारखा सांगतो, एकाचा नाही, आणि हे वचन ऐकून बऱ्याच बायका पहिल्यांदाच मोकळेपणानं बोलल्या. जास्त इथे लिहीत नाही.

आता जे कमी पडलं ते. पुस्तिका बाहेरची आहे आणि ती तशीच मराठीत आणलीय. नवरा-बायकोनं आठवड्यातून एकदा हॉटेलात जेवायला जावं, एकमेकांना चिठ्ठ्या लिहाव्यात, सुटी ठरवून फिरायला जावं असं त्यात आहे. आमच्या भागातली जोडपी एकत्र असतात ती फवारणीच्या टाकीजवळ, विरळणीच्या दिवसांत मांडवाखाली, सौद्याला जाताना टेम्पोत. तिथलं बोलणं कसं असावं, कर्जाचा हप्ता चुकल्यावर एकमेकांवर न उलटता कसं बसावं, यावर पुस्तिकेत एक ओळ नाही. आणि उदाहरणं तर आपल्याच मातीत आहेत. कवी नारायण वामन टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती धर्म स्वीकारला तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई हिंदूच राहिल्या. काही वर्षं दोघं वेगळी होती. पुढे एकत्र आली, आणि लक्ष्मीबाईंनी 1900 साली स्वतःच्या मनानं बाप्तिस्मा घेतला. टिळकांनी 1917 मध्ये ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा संघ सुरू केला तो साताऱ्यात, इथून काही फार लांब नाही. एकाची श्रद्धा वेगळी असेल तर संसार मोडू नका, असं पौल त्याच सातव्या अध्यायात सांगतो. त्याला याहून जवळचा दाखला कुठे मिळेल? पुढच्या वेळी पुस्तिकेऐवजी ही गोष्ट घ्यावी, असं मी त्यांना सुचवलंय.

आणि सर्वांत मोठी उणीव. पेत्राच्या पहिल्या पत्राचा तिसरा अध्याय, बायकांनी पतीच्या अधीन राहून न बोलता वागणुकीनं त्याला जिंकावं असं सांगणारा, शिकवून झाल्यावर चहाच्या वेळी एक बाई आमच्या घोळक्यात हळूच म्हणाली, ‘पिऊन येतो आणि मारतो. मी गप्पच राहायचं का?’ वर्गातल्या एका मदतनिसाला तिनं हेच विचारलं होतं. उत्तर मिळालं, प्रार्थना करा, सौम्य राहा, तो बदलेल. हे उत्तर पुरेसं नाही आणि धोक्याचं आहे. त्याच अध्यायात सातवं वचन पतींना सांगतं की बायकोशी समजूतदारपणानं राहा, तिला मान द्या, ती जीवनाच्या देणगीची बरोबरीची वारस आहे, नाहीतर तुमच्या प्रार्थनांमध्येच अडथळा येईल. कलस्सैकरांस पत्रात पतींना कठोर होऊ नका असं थेट म्हटलंय. परमेश्वर जुलमाची आवड धरणाऱ्याचा द्वेष करतो, हे 11 व्या स्तोत्रात आहे. मार खाणं हे अधीनतेचं दुसरं नाव नाही, हे व्यासपीठावरून, माईकवरून, सगळ्या पुरुषांच्या समोर सांगायला हवं. घरगुती हिंसाचाराविरुद्ध 2005 चा कायदा आहे, त्याखाली संरक्षण अधिकारी असतात, महिलांसाठी 181 ही हेल्पलाइन आहे, तातडीला 112 आहे. हे नंबर सभागृहाच्या दारावर लावायला काही खर्च येत नाही. पाळकीणबाईंशी मी त्याच रात्री थांबून बोलले. त्यांनी त्या बाईला दुसऱ्या दिवशी स्वतः घरी बोलावलं, तिचं ऐकून घेतलं आणि तिला माहेरी पोचवायची व्यवस्था केली. बाईंनी केलं ते उत्तमच. पण ही गोष्ट एकट्या बाईंवर सोडायची नाही, वर्गातच शिकवायची आहे.

कुणी जावं? लग्न ठरलेल्यांनी जावं, पण लग्नाला दहा-पंधरा वर्षं झालेल्यांनी आधी जावं. त्यांना प्रश्न जास्त असतात आणि वर्ग प्रश्नांवरच चालतो. नवरा यायला तयार नसेल तर एकटीलाही बसू देतात, मी विचारून घेतलंय. ख्रिस्ती नसलेलं एक जोडपंही आमच्यात होतं, त्यांना कुणी वेगळं वागवलं नाही. पुढचा वर्ग पावसाळा लागल्यावर सुरू होतो आणि ऑक्टोबरच्या फळछाटणीआधी संपतो, त्यामुळे बागायतदारांनी कामाची सबब सांगू नये. नाव मंडळीच्या कचेरीत आधी नोंदवावं लागतं, जोडपी मोजकीच घेतात. सासूला न सोडणाऱ्या बायबलमधल्या रूथ या सुनेवर एक संध्याकाळ ठेवा आणि त्या दिवशी सासू-सुनांना एकत्र बोलवा, असं मी पाळकीणबाईंना सांगितलंय. त्या हो म्हणाल्यात, आणि आत्या माझ्याबरोबर यायला तयार आहेत.